बालकाचा मेंदू आणि प्रौढाचा मेंदू

नांदेडहून हिंगोलीकडे जातांना कळमनुरी तालुक्यांत डोंगरकडा हें गांव लागतें. तेथील सात वर्षांच्या मुलाचे सारे व्यवहार शेजारच्या चार घरांत आटोपतात. त्याच्या बापाचे मात्र नांदेडच्या मोंढ्यापर्यंत पोहोंचलेले असतात. ह्या दोघांच्या मेंदूंतील दळणवळणांतहि कांहींसा असाच भेद असतो.

आकारानें पाहिलें तर सहाव्या वर्षींच मुलाचा मेंदू प्रौढाच्या मेंदूच्या सुमारें नऊ दशांश झालेला असतो. पुढें बदलतात त्या मुख्यतः आंतल्या वाटा. मज्जापेशींना जोडणारे सांधे बालपणीं गरजेहून अधिक निर्माण होतात. पीटर हटनलोकर यांनीं ते सूक्ष्मदर्शकाखालीं मोजून १९७९ सालीं दाखविलें कीं, कपाळामागील भागांत त्यांची दाटी बालपणानंतर ओसरत जाते. ज्या वाटेनें कोणी जात नाहीं तिच्यावर गवत माजतें, तसेंच हें. वहिवाटीच्या लांब तंतूंवर मात्र स्निग्ध पदार्थाचें वेष्टन चढतें व संदेश कित्येक पटींनीं जलद धांवूं लागतात. हें काम विशी ओलांडल्यावरहि चालूच असतें.

जिवंत माणसाच्या मेंदूंतील हीं जाळीं पाहण्याचा मार्ग १९९५ सालीं भरत बिस्वाल व त्यांचे सहकारी यांनीं दाखविला. चुंबकीय यंत्रांत माणूस स्वस्थ पडून असतांहि हात हलविणाऱ्या डाव्या व उजव्या भागांतील संदेशांचे चढउतार परस्परांशीं जुळतात, असें त्यांस आढळलें. जे भाग असे एका तालांत चालतात ते एका जाळ्यांतले मानावयाचे.

ह्याच रीतीनें सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांतील संशोधकांनीं ७ ते ३१ वर्षांच्या व्यक्ती तपासल्या व २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांत शेजारशेजारचे भाग एका गटांत नांदत होते. प्रौढांत तेच शेजारी विभक्त होऊन दूरच्या भागांशीं कामाच्या नात्यानें जोडले गेले होते. तरीहि मुलांचें जाळें विसकळित मुळींच नव्हतें. एकंदर बांधणींत तें प्रौढांच्या जाळ्याइतकेंच सुसूत्र निघालें. तेव्हां मुलाचा मेंदू म्हणजे मोठ्यांच्या मेंदूची अर्धवट राहिलेली प्रत, हा समज सोडावा लागतो.

पण मुलें स्वस्थ पडून राहत नाहींत, हें कोणत्याहि आईस ठाऊक असतें! यंत्रांत डोकें किंचित् हललें तरी जवळच्या भागांतील साम्य खोटेंच वाढतें व दूरच्यांचें घटतें, असें त्याच विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१२ सालीं दाखवून दिलें. चुळबुळ वजा केल्यावरहि भेद उरतो. मात्र प्रथम वाटला तेवढा मोठा नाहीं.

ह्या विषयाशीं निकटचा एक अभ्यास महाराष्ट्रांतच झाला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयानें १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांची पाहणी केली. त्यांच्या मुलांपैकीं कांहींची नवव्या वर्षीं परीक्षा घेण्यांत आली. ज्यांच्या मातांच्या रक्तांत ब-१२ जीवनसत्त्व अत्यल्प होतें, त्यांस लक्ष टिकविणें व आंकडे उलट क्रमानें म्हणणें इतरांपेक्षां जड गेलें. त्या परीक्षेंत मेंदूची छायाचित्रें नव्हतीं, म्हणून तिच्यावरून जाळ्यांविषयीं थेट अनुमान काढतां येत नाहीं. तथापि तंतूंवरील त्या स्निग्ध वेष्टनास हेंच जीवनसत्त्व लागतें. ज्वारीच्या भाकरींत व तुरीच्या वरणांत तें नसतें. दूध, दहीं, अंडीं, मांस, मासळी ह्यांतून तें मिळतें.