एकतर्फी हुकूमनामा : आधी अर्ज की अपील?
बडनेऱ्यातले घर बंद, माणूस पुण्यात नोकरीला. बेलिफाने समन्स दाराला डकवले आणि अमरावतीच्या दिवाणी न्यायालयात एकतर्फी हुकूमनामा झाला. अशा वेळी अपिलाला धावण्याआधी त्याच न्यायालयात दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ९, नियम १३ खाली अर्ज द्यावा, हे बरे. गैरहजेरीचा खुलासा तिथेच पुराव्यानिशी मांडता येतो. मुदत ३० दिवसांची. समन्स रीतसर बजावलेच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून. कुणी म्हणेल, मग समन्स टाळणाऱ्याचेच फावेल. तसे नाही. तारीख ठाऊक होती, हजर राहायला पुरेसा वेळ होता, असे दिसले तर बजावणीतली नुसती त्रुटी कामी येत नाही. कलम ९६ खालचे अपील आहेच, पण मागे न घेता ते निकाली निघाले की अर्जाचा रस्ता बंद. आणि हो, अर्ज दिला म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते.