दिवाडीची तावेर्न

गोव्याची सहल म्हटली की लिहिण्याचे विषय ठरलेले असतात. समुद्र, नारळाची झाडे, जुन्या गोव्यातील चर्च, मंगेशीचे देऊळ. गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या महाविद्यालयाची सहल गोव्याला गेली, तेव्हा हे सारे मीही पाहिले. वाशिमच्या मुलाने पहिल्यांदा समुद्र पाहिला की त्याचे काय होते, हे इथे सांगत बसत नाही. मला लिहायचे आहे ते एका दारूच्या दुकानाविषयी. वाचून कोणी भुवया उंचावील, कोणी हसेल. पण त्या दुकानात मी जो एक तास बसलो त्याने मला माझ्याच गावाविषयी विचार करायला लावले, म्हणून हा लेख.

आधी गावाविषयी सांगतो. माझे गाव मंगरूळपीर तालुक्यात आहे. मी शाळेत असताना गावात देशी दारूचे दुकान होते. दुकान म्हणजे एक जाळी, जाळीमागे एक माणूस. पैसे द्यायचे, बाटली घ्यायची, भिंतीशी उभे राहून घशात ओतायची आणि निघायचे. बसायला जागा नाही, खायला काही नाही, कोणी कोणाशी बोलत नाही. पुढे गावातल्या बायांनी अर्ज केला आणि मतदान झाले. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान हटते. आमच्या गावात बाटली आडवी झाली. माझी आई त्या दिवशी सकाळी सहा वाजता रांगेत उभी होती. आयुष्यात तिने इतक्या आनंदाने दुसरे कुठलेही मत दिले नसेल.

अशा घरातला मी. दारूच्या दुकानात पाऊल ठेवायचे माझ्या स्वप्नातही नव्हते. पण त्याआधी एकदा समाजशास्त्राच्या तासाला सरांनी रे ओल्डनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचे एक मत सांगितले होते. त्याचे ‘द ग्रेट गुड प्लेस’ हे पुस्तक 1989 साली निघाले. माणसाची पहिली जागा घर, दुसरी कामाचे ठिकाण. पण समाज धड राहायला एक तिसरी जागाही लागते, जिथे कोणीही यावे, लहानमोठा भेद बाजूला ठेवून बसावे, बोलावे आणि उठून जावे. इंग्लंडमधले पब, फ्रान्समधले कॅफे या अशा जागा. सरांनी डेन्मार्कचेही उदाहरण दिले. तिथे वस्तीवस्तीत लहान जुन्या दारूच्या खोल्या आहेत. लाकडाच्या आणि तंबाखूच्या धुराने भिंती तपकिरी झालेल्या. रोजची माणसे येतात, बिअर घेतात, चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवून खेळतात. त्या देशात 2007 साली हॉटेलांत धूम्रपानाला बंदी आली, तेव्हाही चाळीस चौरस मीटरपेक्षा लहान अशा खोल्यांना सूट मिळाली. त्यांना डॅनिश भाषेत ‘वेर्टसहूस’ म्हणतात. अर्थ काय, तर यजमानाचे घर. हा शब्द माझ्या मनात अडकून बसला. दारूच्या जागेला यजमान कसा असेल? आमच्याकडे तर जाळी होती.

सहलीत पणजीला मुक्काम होता. माझा आतेभाऊ पणजीला एका हॉटेलात कामाला आहे आणि जवळच रायबंदरला खोली करून राहतो. सरांची परवानगी काढून मी एका संध्याकाळी त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, “चाल, तुले दिवाडी दाखवतो.” दिवाडी हे मांडवी नदीतले बेट आहे. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट जाते. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे उतरलो तर भातखाचरे, शांत रस्ता आणि कौलारू घरे. त्यातल्याच एका घरापुढे तो थांबला आणि म्हणाला, “ही तावेर्न.”

तावेर्न हा शब्द पोर्तुगीजांकडून कोंकणीत आला. मी पाटी शोधत होतो. पाटी होती, पण हाताएवढी. घराचीच पुढची खोली. दार सताड उघडे, आतला दिवा रस्त्यावर पडलेला. दोन बाके, एक टेबल, एक जुने काचेचे कपाट, भिंतीवर क्रूस आणि त्याच्यापुढे लहानसा लाल दिवा. आतल्या दारातून स्वयंपाकघर दिसत होते. तिथे एक मुलगी वही उघडून अभ्यास करीत होती. मी दारातच घुटमळलो, तेव्हा आतेभाऊ म्हणाला, “लाजू नको. इथं कोनी तुले काई म्हननार नाही.” मालकीणबाई साठीच्या असतील. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “कितें जाय, पुता?” काय हवे, बाळा. मी लिंबू-सोडा मागितला. कोणी हसले नाही.

बाकावर चार माणसे होती. एक पाव भाजणारा पदेर, एक फेरीबोटीवरचा कामगार, एक निवृत्त शिक्षक आणि एक म्हातारा, जो पूर्वी रेंदेर होता. रेंदेर म्हणजे माडावर चढून सूर, म्हणजे ताडीसारखा रस, काढणारा. या सुराचे उपयोग ऐकून मी थक्क झालो. त्यापासून व्हिनेगर होते, माडाचा गूळ होतो, पूर्वी पावाचे पीठ त्यानेच फुगवीत. आणि तो भट्टीवर चढवला की माडाची फेणी होते.

दुसरी फेणी काजूची, अधिक प्रसिद्ध. काजूचे झाड मुळात आपले नव्हे. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले. हंगाम साधारण मार्च ते मे. झाडावरून आपोआप गळालेली पिकलेली बोंडेच घेतात, तोडत नाहीत. बी वेगळी काढून बोंडे खडकात कोरलेल्या कुंडीत पायांनी तुडवतात. तिला कोळंबी म्हणतात. रस काही दिवस आंबू देतात आणि मग भट्टीवर ऊर्ध्वपातन करतात. पहिल्या धारेचा हुर्राक, सौम्य. तो हंगामातच पिऊन संपवायचा. पुन्हा भट्टीवर चढवला की कडक फेणी, जी वर्षभर टिकते. काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2016 साली गोवा सरकारने तिला राज्याचे वारसा-पेय म्हणून मान्यता दिली. तोवर सरकारदरबारी तीही आपली साधी ‘देशी दारू’च होती.

आमच्याकडेही मोहाची फुले आंबवून भट्टी लागते. पण ती नाल्यात, काटेरी झुडपामागे आणि रात्रीची. फरक नुसता फळाफुलांचा नाही. 1949 साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला, तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता. 19 डिसेंबर 1961 रोजी तो मुक्त झाला, तरी महाराष्ट्रात आला नाही, म्हणून आपला कायदाही तिथे गेला नाही. त्या बंदीच्या काळात मुंबईत गोव्याकडच्या अनेक बायका घराच्या खोलीतच गुपचूप दारू विकत. लोक त्यांना ‘आंटी’ म्हणत. म्हणजे तावेर्नच, पण दार बंद केलेली. आपल्या शहरांत ‘परमिट रूम’ ही पाटी दिसते, तीही त्याच कायद्याची खूण. काळ्या काचा, पडदे, आत अंधार. लपून करायची गोष्ट म्हणून ती तशीच बांधली गेली.

दिवाडीला मी जे पाहिले ते उलटे होते. रस्त्याने जाणारी बाई आत डोकावून पदेराला उद्याचे पाव सांगून गेली. शिक्षकांनी एक लहान ग्लास घेतला आणि तासभर पुरवला. सोबत उकडलेले अंडे आणि तळलेली मासळी होती. फेरीबोटीच्या कामगाराने तिसरा ग्लास मागितला, तेव्हा मालकीणबाईंनी बाटली कपाटात ठेवली आणि कोंकणीत काहीतरी सुनावले. आतेभावाने अर्थ सांगितला : “घरी जा, बायको जेवायची थांबली असंल.” तो माणूस खाली मान घालून हसला आणि खरोखर उठला. त्याच्या बायकोला त्या ओळखत होत्या. तिला उद्या त्यांना चर्चमध्ये तोंड दाखवायचे होते. तेव्हा मला यजमान या शब्दाचा अर्थ कळला. जाळीमागच्या माणसाला कोणालाच तोंड दाखवायचे नव्हते.

यावरून कोणी असे समजू नये की मी दारूची तरफदारी करतो आहे. गोव्यातही दारूने घरे बुडाली आहेत, हे आतेभावानेच परतताना सांगितले. एका मालकीणबाईने एका संध्याकाळी एकाला थांबवले म्हणून सगळे थांबतात असे नाही. आणि अशा जुन्या तावेर्नीही कमी होत चालल्या आहेत. त्यांच्या जागी पर्यटकांसाठी झगमगीत बार येत आहेत, जिथे पुन्हा कोणी कोणाला ओळखत नाही. मारिओ मिरांडा यांनी आपल्या चित्रांतून जो तावेर्नीतला गोवा रंगवला, तो पुढे बहुधा चित्रातच पाहावा लागेल.

आपल्या विदर्भात वर्ध्याला 1974 पासून आणि गडचिरोलीला 1993 पासून जिल्हाभर दारूबंदी आहे. चंद्रपूरला 2015 साली झाली आणि 2021 साली उठली. बंदी असावी की नसावी यावर आपल्याकडे वादविवाद स्पर्धा होतात, मीही एकीत बोललो आहे. पण दोन्ही बाजूंपैकी कोणीही एक साधी गोष्ट बोलत नाही.

ती गोष्ट मला घरी कळली. गावातले दुकान बंद झाल्यावर काही महिने वडील संध्याकाळी घरीच असत. मग ते फाट्यावरच्या बारला जाऊ लागले, चार किलोमीटर सायकलने. दिवाडीहून आल्यावर एकदा मी धीर करून त्यांना विचारले, “बाबा, इतक्या लांब कायले जाता?” ते रागावले नाहीत. म्हणाले, “दारूसाठीच जातो का रे? तिथं चार मानसं भेटतात.” आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “चार मानसं भेटाले पैसे कायले लागतात?”

वडील खरे बोलले की नाही, मला ठरवता येत नाही. आई मात्र खरे बोलली. तिने आडव्या बाटलीवर मारलेला शिक्का बरोबरच होता, आणि आज मतदान झाले तर मीही तिच्या बाजूने उभा राहीन. पण त्या दिवशी आम्ही एक जागा बंद केली आणि दुसरी उघडली नाही. आमच्या गावचा लिंबाखालचा पार कधीच खचला होता. ग्रंथालयाच्या खोलीत खताची पोती होती. कापूस वेचून, सोयाबीन काढून थकलेल्या माणसाने अंधार पडल्यावर जायचे कुठे, याचे उत्तर गावाजवळ नव्हते.

या दिवाळीच्या सुटीत आम्ही चार मित्रांनी पाराचे दगड पुन्हा बसवले. ग्रामपंचायतीने वर एक दिवा लावून दिला. एक वर्तमानपत्र येते, संध्याकाळपर्यंत त्याच्या चिंध्या होतात. यजमान म्हणून एक निवृत्त पोस्टमन काका बसतात, ते सगळ्यांना ओळखतात आणि कोणालाही बोलतात. फार मोठे काही झाले असे मी म्हणणार नाही. फाट्यावरचा बार चालूच आहे. पण सुटी संपायच्या आत वडील दोनदा पारावर येऊन बसले. दुसऱ्यांदा आईने त्यांच्यासाठी तिथे चहा पाठवला.