ट्रॉलीचा आंस : त्याचे विकार व त्यांची दुरुस्ती

'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही म्हण आपणां सर्वांस पाठ आहे; परंतु तो नळा काय होता, हें सांगूं शकणारीं माणसें आतां थोडींच उरलीं आहेत. बैलगाडीच्या आंसास घालावयाचें वंगण ज्या पोकळ वेळूंत भरून गाडीखालीं टांगीत, तो हा नळा. वऱ्हाडांतील कापसाच्या बंड्या खामगांवच्या बाजारास निघत, तेव्हां गाडीवान आपल्या शिदोरीइतकीच ह्या नळ्याची काळजी घेई. १८७० सालीं जलंबाहून खामगांवास आगगाडीची शाखा सुरू झाली, तरी शेतापासून बाजारापर्यंतची वाट त्यानंतरहि कित्येक वर्षें बंडीनेंच तुडविली. आज बहुतेक ठिकाणीं तें काम ट्रॅक्टरच्या ट्रॉलीकडे गेलें आहे. गाडा बदलला, आणि नळा मात्र मागें राहिला. ट्रॅक्टरचें तेल वेळच्या वेळीं बदलणारा शेतकरीहि ट्रॉलीचें चाक उघडून पाहत नाहीं. कारण ट्रॉलीस इंजिन नाहीं, तेव्हां तिच्यांत बिघडण्यासारखें काय आहे, अशी समजूत असते.

हीच समजूत आमचीहि होती. ती कशी फिटली हें प्रथम सांगतों.

राज्य सरकारनें २०१७ सालीं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केल्यापासून आपल्या जिल्ह्यांत पुष्कळ तलावांतील गाळ शेतांवर गेला. २०१९ च्या उन्हाळ्यांत आमच्या दोनचाकी ट्रॉलीनेंहि सुमारें दीड महिना गाळ वाहिला. जमिनीस त्याचा लाभ झाला, ह्यांत संशय नाहीं. पुढें कार्तिकांत कापूस भरून खामगांवास जात असतां बोथ्याच्या घाटांत डाव्या चाकांतून जळकट वास येऊं लागला. उतरून पाहतों तों तुंबा हात लावूं देईना. चाक काढलें तेव्हां आंतील बेअरिंगचा चुरा झालेला, व आंसाचें टोंक निळें पडून झिजलेलें दिसलें. जवळच्या एका कारखान्यांत तें टोंक कापून दुसऱ्या गजाचा तुकडा वेल्डिंगनें जोडून मिळाला. काम स्वस्तांत व एका दिवसांत झालें, म्हणून आम्हीं समाधान मानलें.

पौष महिन्यांत कापूस वेंचणाऱ्या बायांस शेतावर सोडून रिकामी ट्रॉली परत येत असतां एका खळग्यांत तोच जोड तुटला व ट्रॉली डाव्या अंगावर कलंडली. पांच मिनिटांपूर्वीं तींत अकरा बाया बसलेल्या होत्या. तुटलेलें टोंक आम्हीं घरीं आणून ठेवलें आहे. त्याच्या तोंडाचा अर्ध्याहून अधिक भाग काळपट व गंजलेला असून उरलेला भाग चांदीसारखा चकचकीत आहे. ह्याचा अर्थ असा कीं, तें टोंक त्या दिवशीं तुटलें नाहीं. तें महिनाभर तुटत होतें. त्या दिवशीं केवळ शेवटचा धागा सुटला. आमच्या बांधवांस हा अनुभव स्वतः घ्यावा लागूं नये, म्हणून हा लेखप्रपंच.

आंसावर भार कसा येतो

ट्रॉलीचा आंस, ज्यास मिस्त्री लोक एक्सल म्हणतात, तो स्वतः फिरत नाहीं. तो चौरस पोलादी गज असून त्याचीं दोन्ही टोंकें कातून गोल केलेलीं असतात. चाकें ह्या टोंकांवर बेअरिंगच्या आधारें फिरतात. ट्रॉलीचें वजन पाट्यांवाटे आंसावर येतें, आणि जमीन चाकांवाटे त्यास वर रेटते. पाटा व चाक हीं एका रेषेंत नसल्यामुळें आंस कावडीच्या दांडीप्रमाणें वांकूं पाहतो. त्याचा मध्य खालीं जातो व टोंकें वर उचललीं जातात. म्हणजे आंसाची खालची बाजू ताणली जाते व वरची दाबली जाते. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें दुरुस्तीच्या वेळीं तिचा उपयोग आहे.

आतां थोडा हिशेब करूं. कांहीं भार ट्रॅक्टरच्या हुकावर जातो. तो वजा जातां आंसावर ४ टन, म्हणजे प्रत्येक चाकावर २,००० किलो येतात असें धरूं. पाट्याचा मध्य व चाकाचा मध्य ह्यांतील अंतर २५ सेंटिमीटर असल्यास आंस वांकविणारा जोर २,००० गुणिले २५, म्हणजे ५०,००० होतो. आंसाची ताकद काढण्यास त्याच्या बाजूचा घन करून ६ नें भागावें. ६५ मिलिमीटरच्या गजाचें उत्तर सुमारें ४६ येतें, व ७५ मिलिमीटरच्या गजाचें सुमारें ७०. जोरास ह्या अंकानें भागलें असतां पहिल्या गजावर दर चौरस सेंटिमीटरास सुमारें १,०९० किलो, व दुसऱ्यावर सुमारें ७१० किलो ताण पडतो. गज केवळ १० मिलिमीटरांनीं जाड असतां ताकद दीडपट होते, हें ह्यावरून दिसेल.

साध्या पोलादावर दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २,५०० किलोंपेक्षां अधिक ताण आला कीं तें कायमचें वांकतें. चाक खड्ड्यांत आपटलें म्हणजे ताण क्षणभर दुप्पट होतो असें धरल्यास ६५ मिलिमीटरचा आंस ४ टनांखालीं जेमतेम तग धरतो. त्याच आंसावर ६ टन घातल्यास उभ्या जागीं ताण १,६४० च्या आसपास जातो, व खड्ड्यांत ३,२०० च्या वर. तेव्हां तो वांकतो ह्यांत नवल काय?

आणि हे ६ टन आपण न कळत घालतों. कापसाचा ढीग डोळ्यांस मोठा दिसतो, परंतु वजनानें हलका असतो. गाळाचें ह्याच्या उलट आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. इतक्या ओल्या गाळाचें किंवा मुरुमाचें वजन साडेचार ते पांच टन भरतें. त्यावर शीग चढविली व ट्रॉलीचें स्वतःचें वजन मिळविलें, म्हणजे सहाचा आंकडा सहज गांठला जातो. सोयाबीन किंवा तूर यांचें वजन पोत्यांवरून मोजतां येतें. गाळाचें कोणी मोजीत नाहीं.

आंस वांकला हें कसें ओळखावें

आंस वांकला म्हणजे चाकांचे माथे आंत झुकतात व पाय बाहेर फांकतात. त्यामुळें टायरची आंतली कड आधीं झिजते. नवें टायर एका हंगामांत आंतल्या कडेस गुळगुळीत झालें, तर टायरवाल्यास दोष देण्यापूर्वीं आंसाकडे पाहावें. रिकामी ट्रॉली सपाट जमिनीवर उभी करून आंसाच्या खालच्या बाजूस एका पाट्यापासून दुसऱ्या पाट्यापर्यंत सुतळी ताणून धरावी. आंसास पोट आलें असल्यास सुतळी मध्यें टेकते व टोंकांशीं फट दिसते.

दुसरा विकार आंस जागेवरून सरकण्याचा. आंस व पाटे ह्यांस यू-बोल्ट जखडून ठेवतात, आणि पाट्यांच्या मधोमध एक बोल्ट असतो. यू-बोल्ट सैल पडले कीं सर्व भार त्या मधल्या बोल्टावर येऊन तो तुटतो, व आंस एका बाजूस मागें सरकतो. अशी ट्रॉली रस्त्यावर तिरपी चालते, टायर खरवडल्यासारखें झिजतें, व ट्रॅक्टर एका बाजूस ओढला जातो. परीक्षा सोपी आहे. हुकाच्या पिनेच्या मध्यापासून दोन्ही चाकांच्या मध्यापर्यंत सुतळीनें अंतर मोजावें. दोन्ही अंतरें सारखीं भरलीं पाहिजेत. फरक असल्यास यू-बोल्ट सोडून, नवा मधला बोल्ट घालून, अंतर जुळवून मग घट्ट करावें. व पहिल्या भरलेल्या खेपेनंतर पुन्हां एकदां आवळावें. चारचाकी ट्रॉलींत पुढचा आंस फिरकीवर बसविलेला असतो. त्या फिरकीस वंगण देणें व तिचे बोल्ट पाहणें हेंहि ह्याच वेळीं उरकावें.

तुंब्यांतील बेअरिंग

प्रत्येक तुंब्यांत दोन बेअरिंगा असतात. आंतली मोठी व बाहेरची लहान. आंतल्या बाजूस एक सील असतें. तें ग्रीस आंत व पाणी बाहेर ठेवतें. चालून तापलेलें चाक तलावाच्या किंवा नाल्याच्या गार पाण्यांत उतरलें म्हणजे तुंब्यांतील हवा आकसते, आणि सील थोडें जरी जुनें असलें तरी पाणी व गाळ आंत ओढला जातो. मग ग्रीस दुधासारखें पांढरट होतें, बेअरिंगला गंज चढतो, व दोष कित्येक महिन्यांनीं भलत्याच ठिकाणीं उघडकीस येतो. आमच्या ट्रॉलीचा रोग तलावांत जडला व घाटांत दिसला, तो असा.

तपासणीची रीत अशी. भरलेली ट्रॉली आठदहा किलोमीटर चालल्यावर थांबवून दोन्ही तुंबे हातानें पाहावे. दोन्ही सारखे कोमट असल्यास ठीक. एक अधिक तापला असल्यास तो उघडलाच पाहिजे. घरीं रिकाम्या ट्रॉलीचें चाक उचलून, वरून व खालून धरून हलवावें. खडखड लागल्यास बेअरिंग सैल किंवा झिजलेली आहे. चाक फिरवून कानोसा घ्यावा. जात्यासारखी घरघर ऐकूं आली तर ती गेली असें समजावें.

वर्षांतून एकदां, व पाण्यांतून काम झाल्यावर प्रत्येक वेळीं, तुंबा उघडून जुनें ग्रीस रॉकेल किंवा डिझेलनें धुवावें व भाग पूर्ण कोरडे करावे. रूळ निळे पडले असतील, किंवा त्यांवर खड्डे दिसतील, तर बेअरिंग व तिची तुंब्यांतील कडी हीं दोन्ही एकदम बदलावीं. नवी बेअरिंग जुन्या कडींत टिकत नाहीं. ग्रीस वरून फांसून उपयोग नाहीं. तें तळहातावर घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबावी, म्हणजे रुळांमधून दुसऱ्या बाजूस निघेपर्यंत भरलें जातें. सील प्रत्येक वेळीं नवें घालावें. शेवटीं नट, चाक फिरवीत फिरवीत, घट्ट होईपर्यंत आवळावा व मग एक षष्ठांश ते एक चतुर्थांश फेरा उलट सोडावा. चाक मोकळें फिरावें, व हलवून पाहतां अगदीं नाममात्र ढिलाई लागावी. नटांतील पिन नवीच घालावी. जुनी पिन सरळ करून पुन्हां वापरल्यानें वांचतात ते दोन रुपये, आणि पणास लागतें तें चाक.

काय करूं नये

आंसाचें टोंक कापून दुसरें वेल्डिंगनें जोडूं नये. आंसाचें पोलाद कठीण जातीचें असल्यास वेल्डिंगच्या उष्णतेनें जोडाशेजारचा भाग ठिसूळ होतो, आणि सर्वांत अधिक ताण येतो तोहि नेमका तेथेंच. अशा जागीं केसाएवढी चीर पडते, व प्रत्येक हिसक्यासरशीं ती थोडी थोडी पुढें सरकते. टोंक झिजलें किंवा चिरलें असल्यास संपूर्ण आंस बदलणें हाच एक उपाय आहे. नवा आंस घेतांना चौरस भाग जेथें गोल होतो तो कोंपरा पाहावा. तो तीक्ष्ण नसून गोलाईदार असावा, कारण चिरा तीक्ष्ण कोंपऱ्यांतूनच निघतात.

वांकलेला आंस भट्टींत तापवून सरळ करूं नये. पुष्कळदां त्याची मूळ ताकद परत येत नाहीं. थोडा बांक असल्यास मोठ्या कारखान्यांत दाबयंत्राखालीं थंडच सरळ करवून घ्यावा. अधिक असल्यास बदलावा. आंसाच्या मध्यावर खालून पट्टी जोडून घेण्याचीहि चाल आहे. खालची बाजू ताणाची, हें वर सांगितलेंच आहे. तेथील आडवा जोड म्हणजे चिरेला आमंत्रण होय. ट्रॉलीवर अन्यत्र वेल्डिंग करतांना त्याची जमिनीची तार कामाजवळच लावावी. वीज बेअरिंगमधून वाहिल्यास रुळांवर डाग पडून त्या लौकर निकामी होतात.

चाक काढण्यापूर्वीं माल उतरावा, दुसऱ्या चाकास दोन्ही बाजूंनीं दगड लावावे, आणि जॅक आंसाच्या मध्यावर न लावतां पाट्याजवळ लावावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रॉलीखालीं कोणीहि शिरूं नये. लांकडाचे जाड ठोकळे आधीं सरकवावे.

आतां कायद्याचें एक वाक्य. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९४ मध्यें २०१९ सालीं दुरुस्ती होऊन अधिक भारासाठीं २०,००० रुपये, व शिवाय प्रत्येक जादा टनास २,००० रुपये, असा दंड ठेवला आहे. परंतु दंडाच्या भीतीनें सांगण्याची ही गोष्ट नव्हे. मालाच्या ट्रॉलींत माणसें बसवूं नयेत हा नियम आपण सारेच मोडतों, आम्हींहि मोडला. त्या अकरा बायांपैकीं पुष्कळजणी आजहि आमच्या शेतांत कामास येतात. आतां त्या ट्रॉलींतून येत नाहींत.

दसऱ्यास आपण औतांची व वाहनांची पूजा करतों. त्याच्या आदल्या दिवशीं ट्रॉलीचीं दोन्ही चाकें उघडून, धुवून, नव्या ग्रीसनें भरण्याचा परिपाठ प्रत्येक घरीं पडावा. काम एका दुपारचें आहे. पूर्वज वंगणाचा नळा गाडीखालीं सदैव टांगून ठेवीत. आपणांकडून वर्षांतून एकदां एवढेंहि होऊं नये काय?