महाडच्या पालिकेतले दोन ठराव

जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने ठराव केला, की चवदार तळं अस्पृश्यांसह सर्वांना खुलं राहील. ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच पालिकेने तो ठराव रद्द केला. मधल्या काळात, २० मार्च १९२७ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह त्या तळ्यावर पाणी पिऊन आले होते. सत्याग्रहाची ही कहाणी आपण शाळेपासून ऐकतो. पालिकेच्या सभागृहात काय घडलं, याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. माझ्या मते छोट्या गावातल्या निवडणुकीचं मोल समजून घ्यायचं तर तिथेच बघायला हवं.

आजच्या रायगड जिल्ह्यात पालिका लवकर आल्या. १८५० च्या कायद्याने गावकऱ्यांनी मागणी केली तर पालिका मिळू लागली. पनवेलने ती १८५२ मध्येच घेतली. अलिबागला १८६४ मध्ये आणि सावित्रीकाठच्या महाड बंदराला १८६६ मध्ये पालिका मिळाली. सुरुवातीला कारभार सरकारने नेमलेल्या सभासदांच्या आणि अधिकाऱ्यांच्या हाती होता. १८८२ मध्ये लॉर्ड रिपनचा ठराव आला, १८८४ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला आणि लोकांनी निवडलेले सभासद सभागृहात बसू लागले. पण हे ‘लोक’ म्हणजे घरपट्टी भरणारे, मालमत्ता असणारे, वकील, पदवीधर. गावकुसाबाहेरच्या माणसाला पालिकेचा रस्ता झाडावा लागे. पालिकेच्या निवडणुकीत त्याच्या मताला जागा जवळजवळ नव्हतीच.

अशाच मतदारांच्या जोरावर निवडून आलेले सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस महाडच्या पालिकेचे अध्यक्ष होते. सी. के. बोले यांच्या प्रस्तावावरून मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता. इलाख्यातल्या बऱ्याच पालिका त्यावर गप्प बसल्या. टिपणीसांच्या महाडने तो स्वीकारला, आणि त्याबद्दल या गावाला मानच द्यायला हवा. पण त्यासाठी अध्यक्षाचं धैर्य लागलं, तसे मतदारही सोबत लागतात. १९२७ च्या मार्चमध्ये माणसं प्रत्यक्ष तळ्यावर आली, मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. गावातल्या मतदारवर्गाचा राग सभागृहात पोचायला पाच महिनेही लागले नाहीत. विधिमंडळाच्या ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्याच तारखेला महाडची पालिका मागे फिरली. ज्यांना तळ्याचं पाणी हवं होतं, त्यांची मतं मोजणीतच नव्हती. पुढे प्रकरण कोर्टात गेलं आणि तळं सर्वांचं आहे हे मुंबई उच्च न्यायालयातून कायम व्हायला १७ मार्च १९३७ उजाडावं लागलं. जे काम एका पालिकेने एका सभेत पुरं करायचं, त्याला दहा वर्षं लागली.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार आला, १९६५ चा नगरपरिषद कायदा आला, १९९३ मध्ये ७४वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. मत सर्वांचं झालं. नगराध्यक्ष कुणी निवडायचा हा खेळ मात्र मुंबईतून चालू राहिला. १९७४ मध्ये तो थेट लोकांनी निवडला. २००१ मध्ये पुन्हा थेट निवड आली, २००६ मध्ये ती गेली, २०१६ मध्ये परत आली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. महाडकरांनी २०१६ मध्ये स्नेहल जगताप यांना असंच थेट निवडलं. मी थेट निवडीच्या बाजूचा आहे, कारण त्यात नगरसेवकांची पळवापळवी कमी होते. पण सरकार बदललं की नियम बदलतो, हे कुठल्याही पद्धतीपेक्षा वाईट आहे.

त्याहून वाईट पुढे घडलं. २२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारी गावात शिरल्या. बाजारपेठ बुडाली, घरांचे पहिले मजले चिखलाने भरले. त्यानंतर काही महिन्यांतच पालिकेची मुदत संपली. आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि कारभार प्रशासकाकडे गेला. गटारं, पूररेषा, नवी बांधकामं, नदीतला गाळ यांवर गावाने बोलायची हीच वेळ होती, आणि नेमकं तेव्हाच जवळजवळ चार वर्षं महाडमध्ये एकही नगरसेवक नव्हता. अलिबाग, मुरूड, रोहा, श्रीवर्धन इथेही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या आदेशानंतर अखेर २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं आणि निकाल २१ डिसेंबरला लागले.

मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असं घटनेचं कलम २४३ यू स्पष्ट सांगतं. नवे नगरसेवक आता बसले आहेत. पालिकेची सर्वसाधारण सभा नागरिकांना खुली असते. तुमच्या गावात असाल तर एकदा तिथे जाऊन बसा, आणि तुमच्या पाण्याबद्दल, नदीबद्दल झालेल्या ठरावाची नक्कल मागा.