मिडल स्कूल
प्राथमिक व माध्यमिक शिक्षणांमधील, साधारणपणे अकरा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांचा टप्पा. जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणून नागपुरातही, पाचवी ते आठवी मिळून मिडल स्कूल होत असे. महाराष्ट्राच्या रचनेत आठवी माध्यमिक शाळेत मोडू लागली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ती प्रारंभिक शिक्षणात घातली. या टप्प्यात विषयवार शिक्षक येतात. भाषा, गणित, इतिहास, भूगोल यांबरोबर विज्ञानातील प्रयोग व कार्यानुभव असतो. शेजारच्या वर्ध्यात १९३७ साली मांडलेल्या योजनेत हस्तोद्योग हा शिक्षणाचा गाभा होता. कार्यानुभवात त्याचा क्षीण अंशच उरला आहे. सातवीपर्यंतच वर्ग असलेल्या शाळांतील मुलांना आठवीसाठी दुसरी शाळा गाठावी लागते. खेड्यांत, विशेषतः मुलींचे, शिक्षण येथेच खुंटण्याचा धोका असतो.