श्रमातच पारख होते ती रक्ताची

मंठा तालुक्याच्या काळ्या रानात कुळवामागे चालणारा एखादा पन्नाशीचा शेतकरी जेव्हा सांगतो की, दोन-चार वावरे ओलांडली की पोटरी भरून येते आणि बांधावर घटकाभर उभे राहिले की ती आपोआप मोकळी होते, तेव्हा त्या साध्या तक्रारीत शरीरशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न दडलेला असतो. विश्रांतीच्या वेळी शंभर ग्रॅम स्नायूला मिनिटाला २ ते ४ मिलिलिटर रक्त पुरते. कसून श्रम करताना हीच मागणी दहा-वीस पटींनी वाढते. अरुंद झालेली रोहिणी विश्रांतीची गरज कशीबशी भागवते, परंतु श्रमाची मागणी पुरी करणे तिच्या आवाक्याबाहेरचे असते. सबब, स्नायूच्या रक्तपुरवठ्याची परीक्षा निजलेल्या पायावर न करता राबलेल्या पायावरच केली पाहिजे.

पण जिवंत स्नायूच्या आत वाहणारे रक्त, त्याला न कापता, मोजावे कसे? १९४९ साली अमेरिकी शास्त्रज्ञ सीमोर केटी यांनी यावर एक सुरेख तोड मांडली. ओढ्याच्या डोहात रंग टाकला, तर तो किती लवकर फिका पडतो यावरून पाण्याची ओढ कळते. त्याच न्यायाने त्यांनी पोटरीच्या स्नायूत किरणोत्सर्गी सोडियमचा अत्यल्प अंश सुईने सोडला, आणि कातडीबाहेर ठेवलेल्या गणकयंत्रावर तो किती वेगाने ओसरतो याची नोंद घेतली. परंतु केशवाहिन्यांच्या भिंती सोडियमला मुक्तद्वार देत नाहीत. रक्त वेगाने धावू लागले की सोडियम मागे रेंगाळते आणि हिशेब चुकतो.

ही उणीव १९६४ साली कोपनहेगनच्या नील्स लासेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी झेनॉन-१३३ वापरून दूर केली. हा निष्क्रिय वायू भिंतींतून सहज पार होतो, रक्ताबरोबर फुप्फुसांत पोहोचतो आणि बहुतांशी श्वासावाटे बाहेर पडतो, त्यामुळे तो फिरून स्नायूत येऊन मोजदाद बिघडवीत नाही. मांडीला पट्टा आवळून रक्तप्रवाह रोखावयाचा, त्याच अवस्थेत पाऊल हलवीत स्नायू थकवावयाचा, आणि मग पट्टा सोडून गणकाचे आकडे पाहावयाचे, अशी ही परीक्षा. निरोगी पायात पट्टा सुटताच रक्ताचा लोंढा येतो. झेनॉन एका मिनिटात निम्मे झाले, तर शंभर ग्रॅम स्नायूतून मिनिटाला सुमारे ४९ मिलिलिटर रक्त वाहिले असे गणित निघते. निम्मे होण्यास १४ मिनिटे लागली, तर तोच आकडा साडेतीनवर येतो. रोगग्रस्त पायात हा लोंढा उशिरा येतो आणि क्षीण असतो.

किरणोत्सर्गी द्रव्यांनी शरीर तपासण्याच्या या विद्येचा पाया महाराष्ट्राच्या भूमीतही वेळीच घातला गेला. तुर्भे येथील अप्सरा अणुभट्टी १९५६ साली कार्यान्वित झाली, आणि १९६३ साली परळ येथे अणुशक्ती खात्याच्या आश्रयाने रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. आज मोठ्या शहरांतील रुग्णालयांत टेक्नेशियमसारखी द्रव्ये देऊन जी तपासणी होते, तीत हृदयाच्या स्नायूला विश्रांतीत आणि श्रमात रक्त कसे पोहोचते हेच पडताळले जाते. तत्त्व तेच, स्नायू मात्र निराळा.

पायासाठी झेनॉनची परीक्षा आता क्वचितच होते. सुईच्या इजेनेच आरंभी रक्तप्रवाह वाढतो, आणि मोजमाप स्नायूच्या एका लहानशा जागेपुरतेच राहते. शिवाय ध्वनिलहरींच्या डॉप्लर तपासणीने व घोट्याच्या रक्तदाबाने पुष्कळसे कार्य अधिक सुलभतेने साधते. तरीही त्या परीक्षेने घालून दिलेला धडा कायम आहे. चालताना उठणारी आणि थांबताच विरणारी पोटरीतली कळ म्हणजे केवळ वयाचा शीण असे समजून कोणी स्वस्थ बसू नये. विशेषतः विडी ओढणाऱ्याने आणि मधुमेह्याने तर मुळीच नाही. तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन पावलाची नाडी तपासून घ्यावी, आणि किती चालल्यावर कळ येते हे डॉक्टरांना अचूक सांगावे. कारण ज्याची भाकरी पायांच्या कष्टावर अवलंबून आहे, त्याच्या पायांची पारख कष्टाच्याच मापाने झाली पाहिजे.