दुष्काळोत्तर कीर्तन व भजनाच्या वह्यांचें ऐतिहासिक मोल

भोकर, हदगांव, किनवट या बाजूस जुनीं दप्तरें धुंडाळणाऱ्या संग्राहकाच्या हातीं सामान्यतः दोन प्रकारचे कागद येतात. एक वतनाचे, वसुलाचे व देण्याघेण्याचे. दुसरे म्हणजे भजनाच्या वह्या व पदांचीं बाडें. पहिले जपून ठेवले जातात. दुसऱ्यांतील पदें छापलेलींच आहेत असें समजून त्यांकडे दुर्लक्ष होतें. आमच्या मतें ही चूक आहे. संकटानें खचलेलें गांव पुन्हा उभें कसें राहिलें, या प्रश्नाचें उत्तर वसुलाच्या कागदांत क्वचितच सांपडतें. गाण्याच्या कागदांत तें सांपडण्याचा संभव अधिक. एका परिचित उदाहरणानें हें दाखवितां येईल.

इ. स. १६३० पासून १६३२ पर्यंत दक्षिणेंत व गुजराथेंत घोर दुष्काळ होता. अब्दुल हमीद लाहोरी याच्या 'बादशहानाम्यां'त त्याचें भयंकर वर्णन आहे. शहाजहान तेव्हां बऱ्हाणपुरास होता आणि दर सोमवारीं पांच हजार रुपये वांटण्याचा हुकूम त्यानें केला, हेंही तेथें नमूद आहे. याच सुमारास, १६३१ सालीं, मोगल सरदार नासिरीखान यानें कंधारचा किल्ला घेतला; म्हणजे आजच्या नांदेड जिल्ह्याच्या भूमीवर दुष्काळाबरोबर लष्करांचीही धांवपळ चालू होती. तवारिखेंत रुपये व किल्ले मोजले आहेत. दुष्काळ सरल्यावर माणसें कशाच्या आधारें सांवरलीं, हें सांगणें तिचें कामच नव्हे.

तें सांगणारा कागद देहूचा आहे. तुकोबांचा आत्मचरित्रपर अभंग भक्तांच्या नित्य परिचयाचा असला, तरी इतिहासाचें साधन म्हणून त्यांतील घटनांचा क्रम लक्षांत घेण्याजोगा आहे. आईबाप गेले, दुष्काळानें द्रव्य व मान नेला, एक स्त्री अन्नाविना मेली, व्यवहार बुडाला. त्यानंतर मोडकळीस आलेलें देऊळ नीट करण्याचें मनांत आलें, आणि मग एकादशीस कीर्तन सुरू झालें. अभ्यास नव्हता, म्हणून संतांचीं वचनें पाठ केलीं आणि पुढें गाणारांचें ध्रुपद मागें राहून धरलें. अभंगांत शक दिलेला नाहीं. परंतु आधीं देऊळ, मग कीर्तन, आणि कीर्तनांत प्रथम मागची जागा, हा अनुक्रम स्पष्ट आहे.

येथें ध्रुपद म्हणजे दरबारी गायकीचा प्रकार नव्हे, तर पदाचें पालुपद होय. कीर्तनकार पुढें चरण म्हणतो आणि मागचे टाळकरी पालुपद उचलून धरतात. हें धरण्यास कंठाची तयारी लागत नाहीं. चार शब्द ठाऊक असले व टाळ हातीं असला कीं पुरे. ज्याचें सर्वस्व गेलें आहे, त्यास एकट्यानें गाणें अवघड. पण दुसऱ्याच्या सुरांत सूर मिसळणें शक्य असतें. कीर्तनाच्या सामर्थ्याचें मर्म आम्हांस या मागच्या रांगेंत दिसतें. पुढें तुकोबांच्या मागें चौदा टाळकरी उभे राहत, अशी परंपरा सांगते. एके काळीं मागें उभा राहणारा पुढें आला आणि त्याची जागा इतरांनीं घेतली.

ही गायकाची साक्ष झाली. श्रोत्याची साक्ष मराठवाड्यांतील आहे. वेरूळजवळील देवगांवच्या बहिणाबाई (इ. स. १६२८–१७००) यांच्या आत्मनिवेदनपर अभंगांवरून असें कळतें कीं, भाऊबंदकीच्या तंट्यानें कुटुंबास गांव सोडून भिक्षा मागत हिंडावें लागलें. कोल्हापुरास जयरामस्वामींच्या कीर्तनांत तुकोबांचीं पदें त्यांच्या कानीं पडलीं, आणि पुढें देहूस येऊन त्यांनीं तुकोबांचें कीर्तन प्रत्यक्ष ऐकिलें. त्यांचें संकट दुष्काळाचें नव्हतें, निर्वासाचें होतें. घरांतील विरोधही कांहीं काळ सुटला नव्हता. पण घर सुटलेल्या या बाईस ठाव मिळाला तो कीर्तनाच्या मंडळींत.

आतां वह्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. संताजी तेली जगनाडे यांच्या वहीवरून वि. ल. भावे यांनीं तुकोबांचे अभंग प्रसिद्ध केले. तिच्यांत शब्द मिळतात, चाल मिळत नाहीं. आंबेजोगाईचे दासोपंत (इ. स. १५५१–१६१५) यांच्या पदांवर रागांचीं नांवें आढळतात, परंतु त्या पदांचें ध्रुपद कोणीं व कसें धरलें, हें रागाच्या नांवावरून कळत नाहीं. जें प्रत्यक्ष गाण्यांत होतें, तें कागदावर अर्धेंच उतरतें. उरलेलें अर्धें माणसांच्या आठवणींत असतें व त्यांच्याबरोबर जातें.

म्हणून भोकरकडील संग्राहकांस आमची विनंति आहे. भजनाची वही मिळाल्यास केवळ पदांची यादी करून थांबूं नये. वही कोणाच्या घरची, पानें कोणत्या पदाशीं अधिक मळलेलीं, समासांत चालीची वा तालाची कांहीं खूण आहे काय, हें टिपावें. आणि तें पद म्हणणारा कोणी हयात असल्यास त्याच्या तोंडून ऐकून ध्वनिमुद्रित करावें. १९७२ चा दुष्काळ पाहिलेलीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. लातूर जिल्ह्यांत किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे झाला. त्या गांवांतून नंतर टाळ प्रथम केव्हां वाजला, पुढें कोण होतें व ध्रुपद कोणीं धरलें, हें सांगणारे मात्र अद्याप आहेत. मृतांची गणती सरकारी दप्तरांत आहे. या प्रश्नांचीं उत्तरें कोणत्याही दप्तरांत नाहींत. तीं आज विचारलीं नाहींत, तर उद्यां विचारण्यास कोणी उरणार नाहीं.